रेक्टिफायरचा दम आणि गिटारचा सूर

शेतावर पाण्याची मोटर सुरू होताच आखाड्यावरचा दिवा क्षणभर मंदावतो, हे मानवत-सेलूकडील शेतकऱ्याला सांगावयास नको. मोटरीने ओढ घेतली की विजेचा दाब खाली येतो. विजेच्या गिटारच्या जुन्या ध्वनिवर्धकात अगदी हेच घडते, आणि कानाला ते गोड लागते. आज मला बोलावयाचे आहे ते या मंदावण्याच्या इतिहासाविषयी.

भिंतीतून येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते. व्हॉल्व्हला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. ती दिशा लावून देणारा तो रेक्टिफायर. १९०४ साली लंडनमध्ये फ्लेमिंग यांनी दोन टोकांचा व्हॉल्व्ह सिद्ध केला. त्यातील तापलेल्या तारेकडून पट्टीकडे वीज जाते, उलट येत नाही. या व्हॉल्व्हचे वंशज पुढे रेडिओत आणि ध्वनिवर्धकात बसले.

परंतु हा पहारेकरी फुकट काम करीत नाही. स्वतःपुरता थोडा दाब खातो. ५ वाय ३ हा व्हॉल्व्ह १२५ मिलिअँपिअरला सुमारे ६० व्होल्ट खातो. ५ यू ४ हा २२५ मिलिअँपिअरला सुमारे ४४, तर जीझेड ३४ तेवढ्याच भाराला अवघे १७. वादकाने तार जोराने छेडली की शेवटचे व्हॉल्व्ह अधिक वीज मागतात, दाब खचतो आणि सुराचा पहिला आघात मऊ होतो. सूर विरू लागला की दाब पुन्हा चढतो, म्हणून तो सूर रेंगाळल्यासारखा वाटतो. सिलिकॉनचा डायोड जेमतेम एखादा व्होल्ट खातो. त्याचा आघात कडक. मात्र सारे श्रेय रेक्टिफायरला देणारे अतिशयोक्ती करतात. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांचाही त्यात वाटा असतो. आणि ज्या लहान यंत्रात वीज सदैव सारखीच ओढली जाते, तेथे हा फरक जवळजवळ ऐकूच येत नाही.

अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या १९५९ च्या बासमनमध्ये जीझेड ३४ होता. १९६२ साली लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात त्याच आराखड्यावरून जेटीएम ४५ तयार झाला, तोही याच व्हॉल्व्हवर. काही वर्षांतच मार्शलने सिलिकॉन स्वीकारले, आणि जिमी हेंड्रिक्सचा तो कडाडणारा नाद या नव्या यंत्रांतला आहे. तेव्हा जुने तेच चांगले, असा निवाडा मी देणार नाही.

आपल्याकडे व्हॅन शिप्ली यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात विजेची गिटार रुजविली. सभांना आवाज दिला तो मोटवाने यांच्या शिकागो रेडिओने. नाव शिकागोचे, कारभार मुंबईचा! बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. मधल्या काळात सेलेनियमच्या चकत्याही आल्या. जळाल्या की भयंकर दुर्गंधी सुटे.

आमच्या चळवळीतल्या माणसाला मात्र या कथेत दुसरेच दिसते. मुलार्डचे जीझेड ३४ इंग्लंडातील ब्लॅकबर्नच्या कारखान्यात होत. काचेच्या आतली ती नाजूक जुळणी बहुतांशी स्त्रियांच्या बोटांनी केलेली. त्यांच्या हातचा व्हॉल्व्ह आज संग्राहक जपून ठेवतात. पण त्यावर छाप आहे तो कंपनीचा. तो कारखाना पुढे बंद झाला. आता नवे व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथून येतात. काही कारागीर सिलिकॉनच्या यंत्रात मुद्दाम एक रोधक बसवितात, दाब थोडा खचावा म्हणून.