भाषा मराठी, ज्युरी युरोपियन: टिळकांच्या राजद्रोह खटल्यांत न्यायाधीशांचा वाटा

एप्रिल 1916 च्या अखेरीस बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली, तिथंच होमरूल लीगची स्थापना झाली आणि 1 मे रोजी लोकमान्य टिळकांनी याच गावात स्वराज्यावर मराठीत भाषण केलं. ते भाषण आणि त्यानंतरची अहमदनगरची दोन भाषणं सरकारनं राजद्रोही ठरवली. सीमाभागात ही आठवण आजही अभिमानानं सांगितली जाते. पण त्या कारवाईचं हायकोर्टात पुढं काय झालं, हे कळायला 1897 आणि 1908 चे दोन खटले आधी पाहावे लागतात. त्या दोन्ही वेळी टिळकांना शिक्षा झाली, आणि दोन्ही वेळी वकील, ज्युरी, साक्षी अशी सगळी रीत कागदोपत्री पाळली गेली होती.

भारतीय दंडसंहितेत राजद्रोहाचं 124-अ कलम 1870 मध्ये घातलं गेलं. सरकारबद्दल ‘डिसअफेक्शन’ निर्माण करणं हा त्यातला गुन्हा. मराठीत याला अप्रीती म्हणा, द्वेष म्हणा. शब्द मुळातच सैल होता. 15 जून 1897 च्या ‘केसरी’तल्या शिवाजी उत्सवाच्या मजकुरावरून टिळकांवर पहिला खटला झाला. मजकूर छापून आल्यावर आठवड्याभरात पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली होती, त्यामुळे वातावरण तापलेलंच होतं. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला कायदा समजावताना सांगितलं की ‘डिसअफेक्शन’ म्हणजे केवळ प्रेमाचा अभाव. भावना तीव्र होती की सौम्य, लेखामुळे दंगा झाला की नाही, हे पाहायचंच नाही. या व्याख्येत कुठला संपादक सुटला असता?

नऊ जणांच्या ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवलं, तिघा भारतीयांनी निर्दोष. इथं एक तांत्रिक मुद्दा महत्त्वाचा आहे. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रियेनुसार ज्युरीचं एकमत नसेल तर किमान सहा जण एका मताचे असावे लागत, आणि न्यायाधीशही त्यांच्याशी सहमत असावा लागे. म्हणजे ‘ज्युरीनं ठरवलं, माझा नाइलाज होता’ असं म्हणायला न्यायाधीशाला जागाच नव्हती. स्ट्रेची सहमत झाले आणि टिळकांना 18 महिने सक्तमजुरी झाली.

प्रिव्ही कौन्सिलनं अपिलाची परवानगी नाकारली. तिथं टिळकांची बाजू मांडणारे अॅस्क्विथ 1908 मध्ये, टिळक मंडालेला गेले त्या वर्षी, ब्रिटनचे पंतप्रधान झालेले होते! स्ट्रेचींची व्याख्या मात्र मुंबई हायकोर्टातही सर्वांना पटली नव्हती. इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्राच्या खटल्यात त्याच सुमारास पूर्णपीठानं या शब्दाचा अर्थ नुसता प्रेमाचा अभाव असा होत नाही, अशी भूमिका घेतली. सरकारनं 1898 मध्ये कलमच दुरुस्त केलं आणि शत्रुत्वाच्या सगळ्या भावना त्यात बसवल्या.

1908 च्या खटल्यात न्यायासनावर दिनशा दावर होते. 1897 मध्ये हेच दावर टिळकांचे वकील होते आणि त्यांनीच न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढं अर्ज करून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. आता टिळकांच्या वतीनं बॅरिस्टर जिनांनी जामीन मागितला, तर दावरांनी तो फेटाळला, आणि कारणं द्यायचंही टाळलं. सरकारनं खास ज्युरी मागितली. अशा ज्युरीत युरोपियनांचा भरणा होणार, म्हणून बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टांनी विरोध केला, तो मानला गेला नाही. शेवटी सात युरोपियन आणि दोन पारशी अशी ज्युरी बसली.

खरी मेख होती भाषेची. खटला मुजफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर ‘केसरी’त आलेल्या मराठी लेखांवर होता; ज्युरीतल्या युरोपियनांना मराठी येत नव्हतं. त्यांच्यापुढं होता तो सरकारी इंग्रजी तर्जुमा. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, एकेका शब्दाचा अर्थ कसा वाकवला आहे हे दाखवलं. 21 तासांहून जास्त वेळ ते बोलले. न वाचता येणाऱ्या भाषेतला सरकारी कागद हातात पडला की काय होतं, हे सीमाभागातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको; इथं तर न वाचता येणाऱ्या लेखांवर ज्युरी एका माणसाचं भवितव्य ठरवत होती. 22 जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा कौल आला. दावरांनी तो मान्य करून सहा वर्षं हद्दपारी आणि 1000 रुपये दंड ठोठावला. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही त्याच महिन्यात दावरांनीच 19 महिन्यांची शिक्षा दिली होती. दावर पुढं ‘सर’ झाले. त्या निमित्तानं वकिलांनी ठरवलेल्या मेजवानीला जिनांनी कडक शब्दांत नकार दिला, अशी आठवण मोहम्मद करीम छागलांनी लिहून ठेवली आहे.

आता पुन्हा बेळगावच्या भाषणाकडे. 1916 मध्ये सरकारनं ज्युरीचा मार्गच टाळला. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढं चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला. त्यानं टिळकांकडून वर्षभरासाठी 20,000 रुपयांचा मुचलका आणि प्रत्येकी 10,000 चे दोन जामीनदार असा हुकूम काढला. जिना पुन्हा टिळकांसाठी उभे राहिले. 9 नोव्हेंबर 1916 रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी हुकूम रद्द केला. सुटं वाक्य उचलून अर्थ काढायचा नाही, भाषण सबंध वाचायचं, आणि तसं वाचलं तर राज्यकारभारात बदल मागणं हा राजद्रोह होत नाही, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. 124-अ कलम तेच होतं, उलट 1898 च्या दुरुस्तीनं आणखी रुंद झालेलं. हायकोर्टही मुंबईचंच. बॅचलर तर इंग्रज न्यायाधीश होते. स्ट्रेची आणि दावर यांना कायद्यानं बांधून ठेवलं होतं, हा बचाव या निकालापुढं टिकत नाही.

तरीही स्ट्रेचींचा अर्थ मोडीत निघाला नाही. 1942 मध्ये फेडरल कोर्टानं राजद्रोहासाठी सार्वजनिक शांतता बिघडण्याचा संबंध असायला हवा असं म्हटलं, तर 1947 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं ते मत चुकीचं ठरवून जुनाच अर्थ कायम ठेवला.

1956 मध्ये मुंबई हायकोर्टात टिळकांच्या स्मरणार्थ शिलालेख बसवला गेला. त्याचं अनावरण मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते झालं. आधीच्या शिक्षांमध्ये न्यायाची तांत्रिक रीत पाळली गेली, पण प्रत्यक्ष न्याय नाकारला गेला, अशा आशयाचं ते त्या वेळी बोलले. शिलालेखावर कोरलेले शब्द टिळकांचेच आहेत, 1908 च्या त्या रात्री ज्युरीचा कौल ऐकल्यावर दावरांपुढं उच्चारलेले: ज्युरी काही म्हणो, मी निर्दोष आहे.