शिरेवाटे दिलेलें जीवन

संस्कृतांत पाण्यास ‘जीवन’ असेंहि नांव आहे. त्या नांवाची यथार्थता पटकीच्या रोगानें जितकी पटवून दिली, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणीं पटविली असेल.

सन १८३१ मध्यें ही सांथ इंग्लंडांतील संडरलंड बंदरांत पोहोंचली. त्या काळीं डॉक्टरांचा मोठा भरंवसा रक्तमोक्षणावर. म्हणजे जुलाब-वांत्यांनीं जो आधींच शुष्क झाला, त्याचेंच रक्त काढावयाचें! विल्यम ब्रूक ओशॉनेसी या बावीस वर्षांच्या आयरिश वैद्यानें रोग्यांचें रक्त तपासलें, तों त्यांतील पाणी व क्षार फार घटलेले आढळले. जें गेलें तें शिरेवाटे परत द्यावें, असें त्यानें सुचविलें. मे १८३२ मध्यें स्कॉटलंडांतील लीथ येथें डॉक्टर थॉमस लाटा यानें तें करून पाहिलें.

त्याची पहिली रोगी एक वृद्ध स्त्री होती. अर्ध्या तासांत सहा पिंट, म्हणजे सुमारें तीन लिटर, मीठ-सोड्याचें पाणी शिरेंत गेलें. हरपलेली नाडी लागली, मुद्रेवर तेज आलें. धोका टळला असें समजून लाटा विसाव्यास गेला. इकडे जुलाब-वांत्या पुन्हां सुरू झाल्या आणि साडेपांच तासांत ती वारली. तोच उपाय पुन्हां केला असता तर ती वांचती, असें लाटानेंच लिहून ठेविलें आहे.

आमच्या मतें साऱ्या इतिहासाचें मर्म या साडेपांच तासांत आहे. हा उपाय म्हणजे औषधाची मात्रा नव्हे, जमाखर्च आहे. खर्च चालू असेतोंवर जमा थांबवितां येत नाहीं. त्यांतच पाणी निर्जंतुक नसे, क्षार अपुरे पडत, आणि बहुधा मरणोन्मुख रोग्यांवरच हा प्रयोग होई. १८३३ मध्यें लाटा वारला. ओशॉनेसी कलकत्त्यास येऊन पुढें तारायंत्राच्या उभारणींत गढला. उपाय अनेक दशकें मागें पडला. १९०८ च्या सुमारास कलकत्त्यासच लिओनार्ड रॉजर्स यांनीं अधिक क्षारांचें पाणी वापरून पटकीचे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आणले.

आज ‘सलाईन लावलें कीं ताकद येते’ अशी समजूत घरोघर आढळते. वस्तुतः नेहमींच्या सलाईनच्या एका लिटरांत नऊ ग्रॅम मीठच असतें. पांच टक्के ग्लुकोजच्या लिटरांतहि पन्नास ग्रॅम साखर, म्हणजे सुमारें दोन पोळ्यांइतकीच शक्ति! त्याचें सामर्थ्य पोषणांत नाहीं, भरपाईंत आहे.

१९७१ मध्यें बनगांवच्या निर्वासित छावणींत सलाईन अपुरें पडूं लागलें, तेव्हां डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं मीठ, साखर व सोडा यांचें पाणी तोंडावाटे देवविलें, आणि हजारों जीव वांचले. वाट बदलली, हिशेब तोच राहिला. लाटाच्या त्या वृद्धेस हवें होतें तें नवें ज्ञान नव्हे. उशापाशीं जागणारें व पुन्हां पाणी देणारें माणूस.