सोयाबीन मोजता मोजता

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा भाव ओलाव्यावर अडतो. हमीभावाने घालायचं तर सर्वसाधारण नियम 12 टक्क्यांचा. अमली पदार्थांच्या छाप्यात सापडलेली पांढरी पूड ओळखणाऱ्या तळहाताएवढ्या अवरक्त यंत्राचं कुळ मी याच सोयाबीनला नेऊन भिडवतो, आणि ते ओढूनताणून नव्हे.

हर्शेलने 1800 साली तांबड्या रंगापलीकडे थर्मामीटर ठेवला आणि अवरक्त किरण सापडले, हे शाळेतच वाचलेलं. खरी गंमत अमेरिकी कृषी खात्यातल्या कार्ल नॉरिसची. दाण्यातलं पाणी 1940 नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश शोषतं. पण सोयाबीनमधलं तेल आणि प्रथिनं मधे लुडबुडतात. नॉरिसने एकाऐवजी अनेक लहरींवर मोजलं आणि ती लुडबुड गणिताने वजा केली. सहकारी बेन-गेरासोबतचा त्याचा सोयाबीनच्या ओलाव्यावरचा निबंध 1968चा. भेसळीच्या पुडीतून मूळ द्रव्य हुडकणारं गणित त्याच वाणाचं.

विरोधी पक्षही तगडा आहे. तो म्हणतो, अवरक्त तपासणीचं तंत्र वाढलं दुसऱ्या महायुद्धात, कृत्रिम रबरापायी. आणि 2001च्या अँथ्रॅक्स पत्रांनंतर पेटीत बसून घटनास्थळी निघालं. चिमूटभर पूड हिऱ्याच्या टिकलीवर दाबायची, उमटलेला आलेख साठवलेल्या आलेखांशी जुळवायचा. त्या पेटीचं पितृत्व मी खुशाल सोडतो. खिशातल्या यंत्रावर मात्र हक्क धान्याचाच, कारण त्यातलं गणित नॉरिसच्या वाणाचं.

आपल्या मुलखात त्याला कामही आहे. एप्रिल 2025मध्ये चाकूर तालुक्यातल्या रोहिण्यात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, कारखाना सापडला. मार्किसच्या जुन्या रंगचाचणीत मेफेड्रोन धड रंगच धरत नाही. अवरक्त आलेखात मात्र बऱ्यापैकी शुद्ध पूड लगेच पकडली जाते. उलट नोव्हेंबर 2021मध्ये एनसीबीने, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने, नांदेडच्या कामठा भागात धरलेली 111 किलो अफूची बोंडं घ्या. अशा बोंडांच्या भुकटीत मॉर्फिन फार तर टक्क्याच्या आसपास, बाकी सगळा काडीकचरा. यंत्राला भुसाच दिसणार! सोयाबीनमधलं पाणी दहा-बारा टक्के असतं म्हणून नॉरिसचं निभावलं, असं माझं मत.

आणि यंत्राच्या पडद्यावर कुणाला शिक्षा होत नाही. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 52अ नुसार नमुना न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर काढायचा. तपासणीचा अहवाल येतो तो न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतून, आणि तिची प्रादेशिक शाखा नांदेडातच आहे.