कोंबडी आडवी गेली

मांजर आडवं गेलं की काम बिघडतं, असं आपल्याकडे मानतात. अमेरिकेत कोंबडी आडवी गेली आणि परदेशी छोटे ट्रक साठ वर्षं वेशीवरच अडले. थट्टा नाही, इतिहास आहे हा!

आमचा भाचा ओहायोत असतो. अंगण मोठं, हौस सुतारकामाची. त्याला साधा पिकअप हवा होता. पुढे दोन माणसं, मागे मोकळा हौदा, बस्स! मी तिकडे गेलो असताना आम्ही दुकानं पालथी घातली. विक्रेत्यांनी दाखवले ते ट्रक कसले, चौसोपी वाडेच! चार दरवाजे, कातडी गाद्या, थंडीत ऊब देणारी बैठक. हौदा मात्र साडेपाच फुटांचा, आणि प्लायवूडचा तक्ता आठ फुटांचा! "याहून साधा नाही?" असं विचारल्यावर एक विक्रेता असा हसला, की जणू सराफाच्या दुकानात आम्ही जस्ताची बादली मागितली.

आपल्याकडे 2005 साली टाटांचा 'एस' आला. पाऊण टन माल उचलणाऱ्या त्या गाडीला लोकांनी 'छोटा हत्ती' म्हणून टाकलं. आज नाक्यानाक्यावर हे हत्ती उभे असतात. मग त्या सुबत्तेच्या देशातच दुष्काळ का?

तर कोंबडीमुळे. स्वस्त अमेरिकन कोंबड्या युरोपात धो धो येऊ लागल्या, तेव्हा 1962 साली युरोपच्या सामायिक बाजारपेठेने त्यांच्यावर जकात वाढवली. डिसेंबर 1963 मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी उट्टं काढलं. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर 25 टक्के जकात! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बाकीचे तिघे पुढे सुटले. ट्रक अडकला तो अडकलाच. 2024 साली जकातीची साठी झाली, पण निवृत्ती नाही.

जकात म्हटली की पळवाट आलीच. जपानी लोक हौद्याविना गाडी पाठवत आणि हौदा अमेरिकेत बसवत. 1980 साली ती वाट बुजली. सुबारूने तर हौद्यातच दोन खुर्च्या मांडल्या आणि 'ही मोटारच हो' म्हणून सांगितलं!

त्यात इंधनबचतीचे नियम बदलले. 2011 च्या मॉडेलांपासून, चारही चाकांमधली जागा जितकी मोठी, तितकी अट सैल! मग छोटं करून तोट्यात कोण जातो? फोर्डचा छोटा रेंजर त्याच वर्षी तिथे बंद झाला. 2019 साली परतला तो अंगाने चांगला भरून. 2021 साली मेक्सिकोत बनणारा मॅव्हरिक आला खरा, पण त्यालाही दरवाजे चार आणि हौदा साडेचार फुटांचा.

यात भरडला जातो तो माळी, रंगारी, सुतार. वाडा विकत घेऊन शेणखत वाहणं त्याला कसं परवडावं? तो आपला वीस वर्षांचा जुना पिकअप ठोकूनठाकून चालवतो.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपले पूर्वज सांगून गेले. त्यांनी अमेरिकेची जकात पाहिली नव्हती.