मांडवी : भरतीच्या पाण्यावर तरलेला व्यापार

पणजीच्या काठावरून पाहणाऱ्याला मांडवी समुद्राचाच एक फाटा वाटावा इतकी रुंद आहे. प्रत्यक्षात ती फार मोठी नदी नव्हे. कर्नाटकातील खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात देगावजवळ तिचा उगम होतो आणि सुमारे ऐंशी किलोमीटरचा प्रवास करून ती अरबी समुद्राला मिळते. वरच्या भागात आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात तिला म्हादई म्हणतात. खाली उतरल्यावर तीच मांडवी होते. २,०३२ चौरस किलोमीटरच्या तिच्या खोऱ्यापैकी १,५८० चौरस किलोमीटर गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात येते. गोदावरी-कृष्णेच्या तुलनेत हा आकार नगण्यच. तरीही अर्ध्या शतकाहून अधिक काळ कोट्यवधी टन लोहखनिज याच नदीने बंदरापर्यंत पोहोचवले.

हे शक्य झाले ते डोंगरातून येणाऱ्या पाण्यामुळे नव्हे, तर समुद्रामुळे. सह्याद्रीचा कडा उतरल्यावर नदीचे पात्र झपाट्याने सखल होते आणि भरतीचे पाणी मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत चढते. उधाणाच्या दिवसांत मुखाशी पाण्याची पातळी दोन मीटरांहून अधिक वरखाली होते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवी आणि तिची शेजारीण जुवारी यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. त्यातून पुढे आलेले चित्र असे, की या नद्या पावसाळ्याचे चार महिने नद्या असतात आणि उरलेले महिने जवळजवळ खाड्याच असतात. डोंगरातील प्रवाह उन्हाळ्यात आटला तरी खालच्या पात्रात पाणी राहते, मात्र ते खारे असते. माल लादलेल्या बार्जला पाणी गोडे की खारे याच्याशी कर्तव्य नसते. तिला खोली हवी असते.

डिचोली, सत्तरी, फोंडा या तालुक्यांतील खाणींचे खनिज ट्रकने नदीकाठच्या धक्क्यांवर आणायचे, तेथे ते बार्जमध्ये भरायचे आणि मुरगाव बंदरात किंवा बाहेर नांगरलेल्या जहाजावर उतरवायचे, अशी ही साखळी. गोव्याचे खनिज कमी प्रतीचे. त्याला भाव बेताचा, म्हणून वाहतूक स्वस्त पडली तरच निर्यात परवडणार. एक बार्ज हजार-दोन हजार टन माल सहज नेते. दहा टनी ट्रकने तोच माल न्यायचा तर शंभर ते दोनशे खेपा होतील. नदी नसती, तर यातले बरेचसे खनिज डोंगरातच राहिले असते.

या मार्गात निसर्गाने एक अडचण घालून ठेवली आहे आणि तिच्यावरचा तोडगाही दिला आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या वाऱ्याने आणि लाटांच्या माऱ्याने आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा उभा राहतो. पाणी उथळ होते, लाटा फुटू लागतात आणि ते चार महिने मुख वाहतुकीला बंद होते. जुवारीचे मुख मात्र मुरगावच्या भूशिराच्या आडोशाला असल्याने उघडे राहते. या दोन नद्यांना कुंभारजुवे कालवा आतल्या आत जोडतो. नाव कालवा असले, तरी रूप खाडीचेच आहे आणि तो मगरींसाठीही प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात मांडवीतील बार्ज या चिंचोळ्या वाटेने जुवारीत आणि तेथून मुरगावला जातात. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने मांडवीचा ४१ किलोमीटरचा पट्टा जलमार्ग क्रमांक ६८, जुवारीचा ५० किलोमीटरचा पट्टा क्रमांक १११ आणि १७ किलोमीटरचा हा कालवा क्रमांक २७ म्हणून घोषित झाला. आकाराने तो तिघांत लहान असला, तरी त्याच्यावाचून मांडवीची वाहतूक वर्षातले चार महिने थांबली असती.

नदीचे हे महत्त्व खनिजाच्या आधीचे आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी जिंकलेले शहर, आजचे जुने गोवे, मांडवीच्याच काठी होते. साथीच्या रोगांनी ते ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला आली. मुखाशी १६१२ मध्ये बांधलेल्या आग्वाद किल्ल्याचे नावच पाण्यावरून पडले आहे. तेथील झऱ्यांवर जहाजे गोडे पाणी भरून घेत. नदीवरच्या अवलंबनाची प्रचीती अलीकडेही आली. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला आणि नवा पूल होईपर्यंत बार्देश-तिसवाडीची ये-जा पुन्हा फेरीबोटींवर आली. चोडण आणि दिवाडी या बेटांसाठी फेरीबोट आजही रोजचा रस्ता आहे; २०२५ मध्ये रायबंदर-चोडण मार्गावर रो-रो बोटी सुरू झाल्या.

खनिज व्यवसायाने मात्र नदीला एकाच मालावर विसंबायला लावले. चीनच्या मागणीमुळे २०१०-११ मध्ये गोव्यातून होणारी निर्यात पाच कोटी टनांवर गेली. न्यायमूर्ती शहा आयोगाने बेकायदा उत्खननावर बोट ठेवल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले. १६ मार्च २०१८ पासून उत्खनन पुन्हा बंद पडले. बार्ज नांगरून राहिल्या, काही भंगारात गेल्या. ट्रकमालक, खलाशी आणि दुरुस्तीचे कारखाने यांच्या घरची चूल त्याच साखळीवर पेटत होती. २०२२ च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीतून उत्खननाला पुन्हा आरंभ झाला. पणजीसमोरची जागा दरम्यानच्या काळात कॅसिनोंच्या जहाजांनी आणि पर्यटकांच्या बोटींनी व्यापली. ही मिळकत नाकारता येत नाही, पण आतल्या तालुक्यांतील धक्क्यांना तिचा उपयोग शून्य.

आता नदीचे भवितव्य ठरते आहे ते घाटमाथ्यावर. पणजी आणि फोंड्याला पिण्याचे पाणी पुरवणारा ओपा प्रकल्प मांडवीच्या उपनदीवर, खांडेपारवर आहे. काठावरची खाजन शेती बांध आणि मानशींच्या साहाय्याने खारे पाणी रोखते. खार किती वर चढावा हे वरून येणाऱ्या गोड्या पाण्याच्या जोरावर ठरते. बार्जला ज्याची गरज नाही, तेच पाणी माणसांना आणि शेतीला हवे आहे. कर्नाटकालाही ते हवे आहे : कळसा-भांडुरा योजनेतून मलप्रभेकडे वळवून हुबळी-धारवाड परिसराची तहान भागवण्यासाठी.

२०१० मध्ये नेमलेल्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. खोऱ्यातील उपलब्ध पाणी १८८.०६ टीएमसी धरून कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी वाटा मिळाला. कर्नाटकाच्या वाट्यातील ३.९ टीएमसी मलप्रभेत वळवायचे आहे. एकूण साठ्यापुढे हा आकडा किरकोळ भासतो. मात्र वर्षाची बेरीज येथे फसवी आहे, कारण तिच्यातला बहुतेक भाग चार महिन्यांच्या पावसाचा आहे आणि खार चढतो तो नंतरच्या कोरड्या महिन्यांत. त्या महिन्यांत पात्रात काय उरणार, यावरच सारा वाद आहे. तिन्ही राज्यांनी निवाड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्राने २०२३ मध्ये ‘प्रवाह’ हे प्राधिकरण स्थापन करून त्याचे मुख्यालय पणजीत ठेवले. त्याच्या सदस्यांनी जुलै २०२४ मध्ये तिन्ही राज्यांत फिरून खोऱ्याची पाहणी केली.