पुष्पक कोणाचे?

२८ सप्टेंबर १९५८ रोजी बंगळूरच्या धावपट्टीवरून एक छोटे दोन आसनी विमान प्रथमच हवेत झेपावले. पंख वैमानिकाच्या डोक्यावर, त्यांना खालून तोलणाऱ्या तिरक्या दांड्या, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेले कापड आणि नाकाशी ९० अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल इंजिन. हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीने त्याला ‘पुष्पक’ हे नाव दिले. पुढील दहा वर्षांत अशी दीडशेहून अधिक विमाने तयार झाली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोहोचली. कर्नालच्या क्लबातील पुष्पकमधून वडिलांनी आपल्याला फेरी घडवून आणली होती, असे कल्पना चावला यांनी अंतराळात जाण्यापूर्वी दिलेल्या मुलाखतीत सांगितले आहे.

या पुष्पकचे छायाचित्र कोठेही प्रसिद्ध झाले की एक आक्षेप हमखास येतो. अमेरिकेतील एरॉन्का कंपनीच्या ‘चीफ’ या विमानाचे चित्र शेजारी ठेवले जाते आणि विचारले जाते, की यात भारतीय काय? आक्षेप निराधार नाही. परदेशी संदर्भग्रंथ पुष्पकचे मूळ चीफ हेच देतात. दोन्ही विमानांचा पंखविस्तार सुमारे ३६ फूट, दोहोंत आसने शेजारी-शेजारी, दोहोंच्या शेपटाखाली छोटे चाक. चीफ दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीचे, म्हणजे पुष्पकहून दशकभर जुने. ‘पूर्णपणे आपल्या कल्पनेतून साकारलेले विमान’ असे पुष्पकचे वर्णन कोणी करत असेल, तर ते सोडून दिलेले बरे.

पण पुष्पकच्या आराखड्यामागे जे नाव आहे, ते पाहिले की प्रश्न इतका सरळ राहत नाही. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपूचे. जन्म १९०८. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. वाहत्या हवेचा पृष्ठभागाला चिकटून राहणारा पातळ थर, ज्याला सीमास्तर म्हणतात, त्याची कल्पना १९०४ मध्ये मांडून आधुनिक वायुगतिकीचा पाया घालणारे ते हे प्रांट्ल. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतींनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभारला, तेथे घाटगे आले. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची धुराही त्यांच्याकडेच होती. ऑगस्ट १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान त्यांच्याच चमूचे. ते हवाई दलाने वर्षानुवर्षे वापरले आणि पुढे घानाच्या नवजात हवाई दलापर्यंतही गेले. (तेही लांबून ब्रिटिश-कॅनडियन ‘चिपमंक’सारखे दिसते, हे येथेच मान्य करून टाकू. आणि त्या चिपमंकचा आराखडा कॅनडात एका पोलिश अभियंत्याने केला होता.) प्रांट्ल यांच्या शिष्याला पंख नव्याने आखता येत नव्हता, असे मानणे कठीण आहे. मग त्याने जुना, पारखलेला आकार का स्वीकारला?

उत्तरासाठी थोडे दूर, दक्षिण आफ्रिकेच्या माळरानाकडे जावे लागेल. तेथे ‘बुश फ्लाइंग’ हा वैमानिकीचा एक स्वतंत्र प्रकारच आहे. रस्ते नाहीत, असले तर पावसात वाहून जातात. बोट्स्वानातील ओकावांगोच्या दलदलीत आजही माणसे आणि सामान छोट्या विमानांनीच मुक्कामी पोहोचते. धावपट्टी म्हणजे झुडपे तोडून सपाट केलेली मातीची पट्टी. अशा जागी पंख वर हवा, म्हणजे तो झुडपांना आणि वारुळांना घासत नाही. चाके दणकट हवीत. पुढच्या चाकापेक्षा शेपटाखालचे चाक बरे, कारण त्यामुळे नाक उंच राहते आणि पंख्याची पाती खडेगोट्यांपासून दूर राहतात. विमान कमी वेगातही तरंगते राहिले पाहिजे, आणि सुताराच्या हत्यारांनी नसले तरी साध्या कार्यशाळेत दुरुस्त झाले पाहिजे. ही यादी घेऊन कोणत्याही देशातील अभियंता कागदावर बसला, तर तो साधारण एकाच आकाराशी पोहोचतो. १९५०च्या दशकातील भारतीय फ्लाइंग क्लबांची गरजही याहून फार निराळी नव्हती.

म्हणून दिसण्यातील साम्य हा नकलेचा पुरावा म्हणून दुबळा आहे. खरी नक्कल कशी असते, हेही त्याच मुलखात पाहायला मिळते.

लॉकहीड कंपनीसाठी अल मूनी यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस एक साधे उपयोगी विमान आखले. ते अमेरिकेत बनवायचे नव्हतेच. मेक्सिको आणि इटलीत बनवायचे होते. इटलीत एअरमाकी कंपनीने ते एएल-६० या नावाने काढले. मूळ विमानाला पुढे चाक होते. आफ्रिकेसाठी केलेल्या आवृत्तीत ते काढून शेपटाखाली चाक बसवले गेले. १९६५ मध्ये ऱ्होडेशियाच्या गोऱ्या अल्पसंख्य सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले, त्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, आणि तरीही १९६७ मध्ये ही विमाने तेथे पोहोचली. नाव ठेवले ‘ट्रोजन’. हे नाव अमेरिकेच्या टी-२८ या अगदी वेगळ्या विमानाचे होते. ऐकणाऱ्याची दिशाभूल व्हावी हाच त्यामागचा हेतू होता, असे सांगितले जाते. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या ॲटलस कंपनीने त्याच घराण्यातून ‘कुडू’ तयार केले आणि ते १९७४ मध्ये उडाले. त्याचे इंजिन एअरमाकीच्याच ‘बॉसबॉक’ या दुसऱ्या विमानात वापरलेले होते. कुडू आणि बॉसबॉक ही दोन्ही हरणांची नावे. ही हरणे सीमेवरच्या युद्धात, वर्णद्वेषी राजवटीच्या सैन्यासाठी धावली. तेथे उसना आराखडा शिकण्याची पायरी नव्हता. बंद झालेल्या बाजारातून वाट काढण्याचे ते साधन होते. एकाच प्रकारच्या उसनवारीला दोन वेगळे अर्थ येतात ते असे, आणि केवळ चित्रे शेजारी ठेवून ते कळत नाहीत.

आता विद्यार्थ्यांसाठी थोडे भौतिकशास्त्र, कारण ‘नक्कल सोपी असते’ हा समज येथे मोडतो. पंखाचे उद्धरण हवेच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. एरॉन्काचा कारखाना ओहायोतील मिडलटाऊनला, समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर. बंगळूर सुमारे ९०० मीटरवर. एप्रिलच्या दुपारी पारा ३५ अंशांवर गेला, की तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी भरते. तोच पंख, तेच वजन उचलायचे, तर वेग सुमारे ९ टक्क्यांनी वाढवावा लागतो. धाव वेगाच्या वर्गानुसार लांबते. शिवाय त्याच विरळ हवेत श्वास घेणारे इंजिनही दमते, म्हणजे धाव आणखी लांबते. जोहान्सबर्गजवळ, जेथे कुडू घडले, तेथील उंची तर १,७०० मीटरच्या आसपास. मूळ चीफचे इंजिन ६५ अश्वशक्तीचे होते, नंतरच्या सुपर चीफचे ८५चे, पुष्पकचे ९०चे. हे आकडे नुसते वाचले तर किरकोळ वाटतात. उन्हाळी दुपारी भरल्या टाकीनिशी, शेजारी प्रशिक्षक बसलेला असताना, ते किरकोळ राहत नाहीत.

इंजिन बदलले की वजनाचा मध्य सरकतो. तो सरकला की शेपटावरचा भार बदलतो, सांगाड्यातील नळ्यांवरचा ताण बदलतो. मग पंख उलटा टांगून त्यावर वाळूच्या पिशव्या रचायच्या, उड्डाणात येऊ शकणाऱ्या कमाल भाराच्या दीडपट भार सोसून तो मोडत नाही ना, हे पाहायचे. हे सारे नव्याने करावे लागते. आकार डोळ्यांनी उचलता येतो. हा हिशेब आणि ही परीक्षा उचलून आणता येत नाही.

हे लिहीत आहे ते कुंभकोणममधून. येथून काही किलोमीटरवर स्वामीमलै आहे, जेथे स्थपती आजही मेणाच्या साच्यातून पंचधातूच्या मूर्ती ओततात. नटराजाची प्रमाणे शिल्पशास्त्राने ठरवलेली. नारळाच्या पातीची पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापून तिला घड्या घालतात आणि त्या घड्यांनी चेहरा, धड, पाय यांची मापे घेतात. मेण वितळून जाते, मूर्ती बाहेर काढताना कावेरीच्या मातीचा साचा फोडावा लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती नव्याने घडवावी लागते. हजार वर्षांपूर्वीच्या चोळ मूर्तीसारखी दिसते म्हणून तिला कोणी चोरी म्हणत नाही. हात कच्चा असेल तर मात्र धातू ओतल्यावर सारे उघड होते. विमानाचा आराखडा शास्त्राने ठरलेला नसतो आणि त्यावर कोणाचा तरी हक्क असतो, तेव्हा ही तुलना फार ताणू नये. पण ‘सारखे’ आणि ‘चोरलेले’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, एवढे ती सांगते. तसे पाहिले तर पुष्पक हे नावच या वादाला साजेसे आहे. ते विमान मुळात कुबेराचे, त्याच्याकडून रावणाने घेतले, आणि अयोध्येला उतरले ते रामाला घेऊन.

पुष्पकचा पसारा वाढवून घाटगे यांच्या चमूने चार आसनी ‘कृषक’ केले. १९५९ मध्ये उडालेले हे विमानही क्लबांसाठीच होते, पण त्याला मागणी येईना. अखेर सेनेला जुन्या ऑस्टर विमानांच्या जागी टेहळणीचे विमान हवे होते, म्हणून १९६५पासून कृषक लष्करात गेले, आणि १९७०च्या दशकात हेलिकॉप्टरांनी त्याची जागा घेतली. शेतकऱ्याचे नाव धारण केलेले विमान तोफखान्याची नजर झाले. शेतीसाठी ‘बसंत’ नावाचे वेगळेच विमान करावे लागले.

माझ्या मते घाटगे यांचा निर्णय योग्य होता. वैमानिक शिकवायचे होते, पैसा थोडा होता, आणि कारखान्यातील शेकडो हातांना वेल्डिंगपासून चाचणीपर्यंतची शिस्त लावायची होती. सिद्ध आकार घेतल्याने चुकांची संख्या घटली. दोष शोधायचाच असेल तर तो पुढच्या काळात शोधावा. दीडशे पुष्पक झाल्यावर त्या घराण्यातून नागरी वापराचे, जगात विकले जाईल असे पुढचे छोटे विमान आले नाही. कुर्ट टँक यांच्यासह ‘मरुत’ या लढाऊ विमानाकडे, आणि नंतर परवान्यावर बनणाऱ्या लढाऊ विमानांकडे सारे लक्ष वळले.

उसन्या आराखड्यातून शिकण्याचा धडा बंगळूरनेच आणखी एकदा गिरवला. राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने अमेरिकेतील बर्ट रुटन यांच्या ‘लाँग-ईझी’ या विमानाच्या आराखड्यावरून, लपवाछपवी न करता, एक संशोधन विमान तयार केले. ते १९८७ मध्ये उडाले. काचतंतू आणि राळ यांच्या मिश्रसाहित्याचे विमान कसे बांधावे, हे त्यातून हाताला कळले. १९९३ मध्ये त्याच प्रयोगशाळेचे ‘हंस’ उडाले, पूर्ण मिश्रसाहित्याचे, आणि त्याचा आकार लाँग-ईझीशी जुळत नाही. त्याची नवी आवृत्ती, हंस-एनजी, सप्टेंबर २०२१ मध्ये उडाली. तिचे रोटॅक्स इंजिन ऑस्ट्रियातून येते.