शाळा सुटल्यानंतरचा गुरु

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं मागें वळून पाहतांना देऊळ कोणीं बांधलें, शाळा कोणीं उघडली, हें आपण आवर्जून सांगतों. परंतु शाळेची शेवटची घंटा झाल्यावर मुलांबरोबर मैदानावर थांबणाऱ्या माणसाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. त्याचें नांव कोनशिलेवर नसतें व त्याच्या श्रमाची नोंद कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं. अशाच एका माणसाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आफ्रिका खंडांतील केनिया देशांत, रिफ्ट दरीच्या कड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें २४०० मीटर उंचीवर इटेन नांवाचें गांव आहे. तेथील सेंट पॅट्रिक हायस्कूल हें मुलांचें विद्यालय पॅट्रिशियन ब्रदर्सनीं नांवारूपास आणलें. हा संघ बिशप डॅनियल डिलेनी यांनीं १८०८ सालीं आयर्लंडमधील टलो येथें स्थापन केला. आपल्या देशांतहि, चेन्नईसारख्या शहरीं, या संघानें शिक्षणाचें कार्य केलें आहे. १९७६ सालीं ब्रदर कोल्म ओ’कॉनेल हे आयर्लंडहून इटेन येथें भूगोल शिकविण्यास आले. त्यांचा मुक्काम थोडक्याच काळाचा ठरला होता, आणि धांवण्याच्या शास्त्राचें रीतसर शिक्षण त्यांनीं मुळींच घेतलें नव्हतें.

शाळेंतील मुलें मात्र त्यापूर्वींहि धांवत होतीं. माईक बॉइट या माजी विद्यार्थ्यानें १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्यें ८०० मीटरच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें होतें. ब्रदर आले तेव्हां पीट फॉस्टर नांवाचे इंग्रज शिक्षक, प्रसिद्ध धांवपटु ब्रेंडन फॉस्टर यांचे बंधु, मुलांचा सराव घेत असत. त्यांनीं ब्रदरांस मदतीस बोलाविलें. पुढें ते मायदेशीं परतले आणि सर्व भार या भूगोलाच्या शिक्षकावर आला. काळहि अनुकूल नव्हता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकवर केनियानें बहिष्कार घातला आणि १९८० सालीं मॉस्को येथेंहि त्या देशाचे खेळाडू गेले नाहींत. मुलांस दाखवावें असें मोठें बक्षीस जवळपास नव्हतें. तरीहि शाळा सुटल्यानंतरचा सराव चालूच राहिला.

ज्याला स्वतःला विद्या येत नाहीं, त्यानें ती शिकवावी कशी? ब्रदर प्रथम मुलांकडे पाहूं लागले. पाऊल कसें पडतें, खांदे कोठें ताठ होतात, कोणता मुलगा दमला असूनहि सांगत नाहीं, हें त्यांनीं निरखिलें. आपण मुलांपासूनच शिकलों, असें ते सांगत आले आहेत. लहान गट, सावकाश धांवणें, शरीराच्या ठेवणीकडे लक्ष आणि पुरेशी विश्रांति, अशी त्यांची साधी रीत ठरली.

फळें उशिरा आलीं, पण विपुल आलीं. शाळेचा माजी विद्यार्थी इब्राहिम हुसेन यानें १९८७ सालीं न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली. हा मान मिळविणारा तो पहिला आफ्रिकन पुरुष. १९८८ सालीं सोल येथें पीटर रोनो यास १५०० मीटरचें सुवर्णपदक मिळालें. १९९२ सालीं बार्सिलोना येथें मॅथ्यू बिरिर अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतींत पहिला आला. शाळा मुलांची असली तरी ब्रदरांच्या सुटींतील शिबिरांत मुलीहि येऊं लागल्या. त्यांपैकीं लिडिया चेरोमेई हिनें १९९१ सालीं, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षीं, रानवाटांवरील शर्यतींत कुमारींचें जागतिक विजेतेपद मिळविलें. शाळेचा विल्सन किपकेटर पुढें डेन्मार्कतर्फे धांवला. १९९७ सालीं त्यानें ८०० मीटरचा विक्रम १ मिनिट ४१.११ सेकंदांवर आणला. तो विक्रम २०१० सालीं मोडला डेव्हिड रुदिशा यानें, आणि रुदिशाहि ब्रदरांचाच शिष्य! ९ ऑगस्ट २०१२ रोजीं लंडन येथें त्यानें हेंच अंतर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत तोडलें. जगज्जेत्यांच्या नांवानें शाळेच्या आवारांत झाडें लावण्याची प्रथा पडली. थोडक्या काळासाठीं आलेला पाहुणा चार दशकांहून अधिक काळ त्याच गांवीं राहिला.

तर मग गुरूचें वेतन काय? हीं पदकें काय? वाचकहो, येथें आम्हांस स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. सेमिनरींतून नुकतेच बाहेर पडलों असतां आम्हीहि एका शाळेच्या मैदानावर मुलांस धांवण्यास शिकवीत होतों. हातांत घड्याळ असे आणि डोळ्यांपुढें आंतरशालेय स्पर्धेची ढाल. एका मुलाचा पाय दुखत होता, तें ठाऊक असूनहि आम्हीं त्यास पळविलें. ढाल मिळाली; मुलगा मात्र पुढच्या वर्षीं मैदानावर फिरकला नाहीं. ती ढाल आज कोणत्या कपाटांत आहे, हें आम्हांस आठवत नाहीं. त्या सायंकाळीं लंगडत घरीं जाणारी त्याची पाठमोरी आकृति अजून विसरतां येत नाहीं.

म्हणून इटेनच्या इतिहासांत आम्हांस सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट विक्रमाची नव्हे. त्या मैदानावर धांवलेल्या मुलांपैकीं ज्यांच्या नांवानें झाड लागलें, ते थोडे. बाकीचे आपापल्या घरीं व शेतावर परतले. परंतु त्यांच्याहि पावलाकडे कोणीतरी रोज लक्ष देऊन पाहिलें होतें. वेळेवर येणें, हरल्यावर विजेत्याचा हात धरणें, मागें राहिलेल्या सोबत्यासाठीं थांबणें, हें मूल ज्या दिवशीं न सांगतां करूं लागतें, त्या दिवशीं गुरूचें वेतन चुकतें होतें. संत पौलानें धर्मजीवनास शर्यतीची उपमा दिली, ती उगीच नव्हे.

आपल्या शाळेचीं मुलें सायंकाळीं दप्तरें कुंपणापाशीं टाकून आपणच धांवतात. त्यांच्याबरोबर दोन मोठीं माणसें असावीं, अशी या महोत्सवाच्या वर्षीं आमची धर्मग्रामस्थांस विनंति आहे. त्यांना धांवतां येत नसलें तरी चालेल. त्यांना थांबतां आलें पाहिजे.